वेंगुर्ल्याच्या जेटीवरची थरथर

कसालहून एस.टी. सुटली तेव्हा लेकीच्या मांडीवर बुटांचा खोका होता आणि माझी छाती वीतभर फुगलेली. खोक्यात मधुराने इंजिनिअरिंग कॉलेजात बनवलेला कमरपट्टा होता. जेटीच्या खांबांवर छोट्या पेट्या बसवायच्या. पट्टा बांधलेला माणूस खांबाजवळ आला, की पट्ट्यातल्या, जुन्या मोबाइलमधून काढलेल्या मोटारी थरथरतात. कंडक्टरने विचारलं नव्हतं, तरी कुडाळपर्यंत मी त्याला हे सगळं ऐकवलं.

वेंगुर्ल्यात माझे भिकूमामा राहतात. जन्मभर गरीने (गळाने) मासे धरले. चार वर्षांपूर्वी दृष्टी गेली आणि मामींनी त्यांचं जेटीवर जाणं बंद केलं.

"पाण्यात पडले तर मी खंय शोधू?" मामी म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. पण मामा दिवसभर ओसरीवर बसून नुसता दर्या ऐकायचे, ते मला बघवत नसे.

दुपारी उकडा भात आणि बांगड्याचं तिखलं (तिखट कालवण) हाणून सगळे जेटीवर गेलो. मधुराने खांबांवर पेट्या बसवल्या आणि पट्टा बांधताच मामा खो खो हसले.

"कमरेक गुदगुल्यो होतत गो! बोटाक बांध. मासो कधी कमरेक सांगता?"

तिने एक मोटार काढून त्यांच्या तर्जनीला बांधली. मामा निघाले. पहिला खांब, दुसरा, तिसरा. मामींनी पदर तोंडात धरलेला. चौथ्यापाशी जेटी वळते, तिथे मामा एकदम थांबले. पुढे दोन पावलांवर पाणी! मधुरा धावली. लाटेने भिजून तिथली पेटी बंद पडली होती; बोट थरथरलंच नव्हतं. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला.

"आजोबा, तुमका कसा कळला?"

"दोरी बोलता बोलता गप झाली काय सावध रवाचा, बाय. मासो तेव्हाच आपल्याकडे येत असता."

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण हे मला सुचलं नसतं. मधुराने तिथेच बसकण मारली आणि दिवेलागणीपर्यंत सगळं उलटं करून टाकलं. आता वाट नीट असेतो बोट बारीक थरथरतं; थरथर थांबली की पाय थांबवायचा. पेटी बिघडली तरी माणूस वाचतो.

दुसऱ्या दिवशी मामा टोकापर्यंत एकटे गेले, एकटे परतले. लेकीचा अभिमान वाटावा की मामांचा, मला कळेना. डोळे मात्र भरून आले.

कसालला परतल्यावर आठवड्याने मामींचा फोन आला.

"तुझ्या चेडवान (मुलीने) काय करून ठेवल्यान बघ! सकाळीच गरी घेऊन जातत, जेवणाक धा हाका मारूक लागतत!"

मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "ठेवतंय रे. तेंनी धरलेलो तांबोसो (मासा) चुलीर आसा, करपतलो."