बारापैकी तीन

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत असताना माझी रूममेट युरोपातल्या एका चिमुकल्या देशाची होती. तिकडे दरवर्षी देशादेशांची गाण्याची स्पर्धा होते आणि देश एकमेकांना जास्तीत जास्त बारा गुण देतात. आम्ही ती शनिवारी दुपारी लॅपटॉपवर, अडकत अडकत बघायचो.

मी गणेशोत्सवातल्या स्पर्धांवर वाढलेली. पहिल्याच वर्षी वही काढून रकाने आखले: सूर, ताल, उच्चार, पाठांतर. तिच्या देशाची गायिका चंदेरी बूट घालून भल्यामोठ्या पंख्यासमोर किंचाळत होती. मी प्रामाणिकपणे बारापैकी तीन गुण दिले. तेही पाठांतराचे.

रूममेट भडकलीच. "इथे शेजारी देश शेजाऱ्याला डोळे मिटून बारा देतो! आणि तू तर माझ्याच घरात राहून, माझा ओव्हन अडवून दही लावतेस!"

"असला वशिला आमच्याकडे चालत नाही," मी ठणकावलं. त्यांचं गाणं शेवटून दुसरं आलं. तिने माझं दह्याचं भांडं ओव्हनमधून काढून बाहेर ठेवलं.

सप्टेंबरात मराठी मंडळाची गाण्याची स्पर्धा होती. मी मोठ्या तोऱ्यात उभी राहिले आणि दुसऱ्या कडव्याला शब्दच विसरले. परीक्षक काकू मान खाली घालून काहीतरी खोडत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेत माझी रूममेट खुर्चीवर चढली आणि ओरडली, "ट्वेल्व्ह पॉइंट्स!"

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तिला वाटलं, तिच्यामुळेच. आमच्या मंडळात ते सगळ्यांनाच देतात, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.