बाबांचं गाऱ्हाणं

आमच्या बाबांचं गाऱ्हाणं अख्ख्या वाडीत सर्वांत लांब. इतर घरांत देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात ते लग्नाला, जत्रेला, फार तर नवी गाडी घेतली तर. बाबा मी कॉलेजला निघाले तरी घालायचे. उंबऱ्यापाशी मला थांबवून डोळे मिटायचे आणि सुरू: "बा देवा म्हाराजा, आज माझा चेडू मालवणाक जाता हा. डायवराचो डोळो लागाक देव नको, पुलार समोरसून डंपर हाडू नको, खंय चक्कर येवन पडाक देव नको, तसाच्या तसा घराक हाड रे म्हाराजा!" मागून मी आणि आईने म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" तोवर एसटी स्टॉपवर येऊन ठेपलेली असायची. शेजारचे तात्या काजूच्या कुंपणाआडून ओरडायचे, "देव ऐकतलो रे, पण एसटी थांबाची नाय!"

हसायला मीही हसायचे. पण ड्रायव्हरला झोप लागू शकते हे बाबांनी देवाला सांगितलं नसतं, तर मला कळलंही नसतं. एकदा कळल्यावर मी त्याच्या मानेकडे डोळे लावून मालवण गाठायचे. परीक्षेत हात गार पडायचे, छाती धडधडायची. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "माझ्या बापाशीक होता, माका आसा, तुका इला. घरातला सामान ता. टाकतलस खंय?" तेव्हा मला त्याचा आधारच वाटला होता.

माझ्या मनवाकडे ते सामान आलं, तेव्हा कसला आधार नि कसलं काय! नवरा नोकरीला गोव्यात, म्हणून मी लेकीला घेऊन माहेरीच राहते. आई जाऊन बरीच वर्षं झाली; घरात आम्ही तिघंच. दहा वर्षांची पोर दप्तर भरलं की ओकायची. आजोबांनी गाऱ्हाणं घातलं की उंबरा ओलांडायची आणि अंगणातूनच परत फिरायची. "आजोबा, परत घाला." बाबा परत घालायचे. तिला ते पुरेनासं झालं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत गेलीच नाही.

तिला घेऊन ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घराण्यात असतं हे. थोडं रक्तातून येतं, थोडं घरात बघून बघून. पण यातून बाहेर पडता येतं. ती विचारेल तेव्हा दर वेळी 'काही होणार नाही' म्हणू नका, त्याने भीती पोसली जाते. रडली तरी थोडं थोडं पुढे पाठवा. आणि तुमचं स्वतःचंही बघा."

घरी आले तेव्हा बाबा पडवीत सुपारी सोलत होते. गाऱ्हाणं थांबवायला हवं, असं मी सांगितलं. त्यांचा हात थांबला. "म्हणजे माझ्या गाऱ्हाण्यान पोर आजारी पडला?"

मी खाली बसून त्यांच्या पुढ्यातल्या सुपाऱ्या सोलायला घेतल्या. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

सोमवारी मनवा दप्तर घेऊन उभी राहिली. "आजोबा, घाला ना!" बाबांनी तुळशीचा कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते, आणि मनवा त्या ओठांकडेच बघत होती. मग त्यांनी तेही मिटले आणि म्हणाले, "जा गो बाय. शाळा सुटल्यार ये." पोर मातीत बसून रडली, ओकली, शेवटी वळणापर्यंत जाऊन परत आली. पुढे शाळेच्या फाटकापर्यंत, मग अर्धा दिवस वर्गात. ती एकेक पाऊल पुढे जात होती आणि बाबा इकडे वाळत चालले होते. तुम्हीही डॉक्टरीणबाईंना दाखवून औषध घ्या म्हटलं की म्हणायचे, "ह्या वयात माका कसला औषध? चेडवाक बघ."

माघात त्यांच्या छातीत कळ आली. गोव्याला नेताना रुग्णवाहिकेत त्यांनी माझं मनगट धरलं. "माका काय होवचा नाय मा गो?" जन्मभर दुसऱ्यांसाठी देवापुढे उभा राहिलेला माणूस पहिल्यांदा स्वतःसाठी विचारत होता. डॉक्टरीणबाईंचं सांगणं गेलं खड्ड्यात. मी डोळे मिटून त्यांचंच लांबलचक गाऱ्हाणं घातलं आणि "व्हय म्हाराजा"ही मीच म्हटलं. बाबा परत आले नाहीत.

तेरावं झाल्यावर मनवा पुन्हा दप्तर घेऊन अंगणात उभी राहिली. तोंड पांढरंफटक. "आई, गाडयेत गाऱ्हाणा घातलंय म्हणान तूच सांगितलंस मा? मगे आजोबा कित्याक गेले?" मी तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला, तसा तिने माझा हात धरला. "मी शाळेत गेलंय आणि तुका काय झाला तर? काय होवचा नाय म्हण. एकदाच."

तिला उचलून आत न्यावं, दार लावून घ्यावं आणि दोघींनी पुन्हा म्हणून बाहेर पडू नये, असं वाटलं. सगळं गाऱ्हाणं जिभेवर आलं होतं.

"जा गो बाय," मी म्हटलं. "शाळा सुटल्यार ये."

ती निघाली. वळणावर थांबली आणि मागे वळून माझे ओठ हलतायत का ते बघत राहिली. मी ते दातांखाली धरले आणि तुळशीचा कठडा सोडला नाही.