फाटकाबाहेरचा धूर

नागपुरात ट्रकांचं पासिंग व्हायचं त्या मैदानासमोर तेव्हा माझी चहाची टपरी होती. फाटकात शिरण्याआधी मिस्त्री इंजिनाच्या डिझेल-पंपाचा स्क्रू पिळून डिझेल कमी करायचा, म्हणजे तपासणाऱ्या आरटीओ साहेबांसमोर धूर निघत नसे. पास झालेला ट्रक बाहेर आला की स्क्रू पुन्हा सैल. मग काळा लोट थेट शेजारच्या विणकरांच्या गल्लीत.

तिथे एक बाई रोज रस्त्यावर पांढऱ्या सुताचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, बांधून त्याला खळ लावायची. धूर आला की धावत जाऊन ताण्यावर पदर धरायची.

एकदा ती सुताची पांढरी लड घेऊन आली, नुकत्याच पास झालेल्या ट्रकच्या नळीसमोर धरली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "दे गा रेस."

त्याने गंमत म्हणून दिली. धूर विरला तेव्हा तिचं तोंडही काळं झालं होतं, पण हात तसूभर हलले नव्हते. मी किटली हातात धरून नुसता बघत राहिलो.

ती काळी पडलेली लड घेऊन तशीच साहेबांकडे गेली. "साहेब, तुमच्यासमोर पास झाला, मंग माझ्या दारात काहून धूर सोडून राहिला जी?"

दुसऱ्या दिवशी साहेबांची खुर्ची फाटकाबाहेर, तिच्या ताण्याशेजारी मांडलेली होती. पास झालेले ट्रक पुन्हा धूर दाखवायला तिथे थांबू लागले. तिने खळ लावता लावता मानसुद्धा वर केली नाही.