ओहायोतला मातीचा तट आणि सुलभाचं प्रकरण

ओहायोत पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी सांगते, मातीच्या भिंती. समोरचा माणूस लगेच विषय बदलतो. ऐंशीच्या दशकात मीही तेच केलं असतं, पण तेव्हा मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये शिकताना माझी रूममेट सुलभा होती आणि गाडी माझ्याकडे होती.

आम्ही दोघी नागपूरच्या, एकाच कॉलेजातल्या. मी स्टॅटिस्टिक्सला आणि ही बाई पुरातत्त्वाला. विषय काय, तर हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या सॅक्सन लोकांनी एका गावाभोवती शत्रूच्या भीतीनं घातलेला मातीचा तट! इंग्लंडला जायला पैसे नव्हते, म्हणून तिकडच्या उत्खननाच्या ड्रॉइंग्जवर हिचा थीसिस उभा होता. तट आडवा कापला की आतली माती कशी दिसते, याची ती चित्रं. त्यांत वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे ठिगळासारखे तुकडे होते. सुलभाचं म्हणणं, राजाचा हुकूम सुटला, सगळं गाव कामाला लागलं आणि एका हंगामात तट उभा राहिला. हेच सांगणारं थीसिसचं शेवटचं प्रकरण मान्य झालं की डिसेंबरात ती घरी जाणार होती. चार वर्षं आईला भेटली नव्हती. आईनं तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

ऑक्टोबरात तिला कळलं की दक्षिण ओहायोत, एका नदीकाठच्या टेकडीवर, तिथल्या मूळ रहिवाशांनी फार पूर्वी घातलेला असाच तट उत्खननासाठी कापलाय आणि शनिवारी खड्डा बुजवणार आहेत. "यार, एकदा डोळ्यांनी बघायचंय," ती म्हणाली. निघालो.

रस्ता सोपा आहे. टोलेडोवरून आय-७५ धरायचा आणि सरळ दक्षिणेला. दोन्ही बाजूंना मका, तोही कापलेला. हायवेवरच्या कॉफीच्या वाटेला जाऊ नका, थर्मास न्या. आम्ही थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळून नेली होती, ती टोलेडोच्या आधीच संपली.

डेटनजवळ गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला थांबलो आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे फोनबूथमधलं जाडजूड फोनबुक उघडून मराठी आडनावं शोधली. हसू नका, सगळे हेच करायचे. एका कुलकर्णी काकूंनी फोन उचलला, "अगं बाई, मराठी मुली! पाच मिनिटं तरी या." पाच मिनिटांत वरण-भात होतो का? काका हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर, मुलं इंग्रजीत बोलणारी, काकूंना तर किती बोलू आणि किती नको असं झालेलं. मी घड्याळ दाखवलं, तर सुलभाच म्हणाली, "राहू दे गं, किती आनंद झालाय त्यांना." निघताना हातात लोणच्याची बरणी आली.

पोचलो तेव्हा खड्डा निम्मा बुजलेला! कापलेली बाजू जवळजवळ सगळी मातीखाली गेलेली. सुलभाचा चेहरा असा उतरला की मलाच रडू यायला लागलं. उत्खननाची प्रमुख मार्था, पिकल्या केसांची प्रेमळ बाई. "पाऊस येतोय, थांबता आलं नाही," ती म्हणाली. मी तोपर्यंत तटावरून फिरून आले. ही जागा मात्र जरूर पाहा. तट म्हणजे गवताची लांबच लांब टेकडीच, वर चढलं की खाली नदी, आणि तिकीट नाही.

परत येऊन बघते तर विद्यार्थी बादलीनं माती टाकत होते. ढिगारे वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे; प्रत्येकजण आपल्या ढिगाऱ्यावरून बादली भरायचा, डुलत डुलत यायचा, ओतायचा आणि परत जायचा. सुलभाला ते बघवेना. "असं काय करतायत हे? रांग लावा ना!" आम्ही दोघींनी एनएसएसच्या कॅम्पात घमेली हातोहात देऊन बंधारा बांधला होता. तिनं सगळ्यांना एका ढिगाऱ्यापासून रांगेत उभं केलं. मलाही. भराभर माती पडायला लागली, पोरं खूश झाली.

खड्डा भरत आला तशी सुलभा रांगेतून बाहेर आली. काठावर बसून बघत राहिली. मग मला म्हणाली, "हे बघ. पोरं एकेकटी टाकत होती त्या टोकाला कशी गोधडी झालीय. रांगेनं टाकलं त्या टोकाला सगळी एकाच रंगाची."

"बरं मग?"

"घाई होती म्हणून आपण रांग लावली. माझ्या सॅक्सन गावाला हुकूम असता, घाई असती, तर त्यांनी नसती लावली? माझ्या ड्रॉइंग्जमध्ये नुसती गोधडी आहे. ज्याला जमेल तेव्हा त्यानं पाटी आणून टाकली असणार. वर्षानुवर्षं."

तेच तिनं मार्थाला इंग्रजीत सांगितलं. मार्था म्हणाली, "एका दुपारवरून काही सिद्ध होत नाही. आणि तुझ्या परीक्षकांपैकी कुणी हे विचारणारही नाही."

"मला दिसलं ना पण," सुलभा म्हणाली.

गाडीत मी तिच्यावर भयंकर चिडले. "गप्प बस की! जे लिहिलंयस ते देऊन टाक आणि घरी जा." ती बरणी मांडीवर घेऊन मिशिगनपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

सोमवारी तिनं ते प्रकरण स्वतःहून मागे घेतलं. नव्यानं लिहायला आणखी एक वर्ष. घरी फोन केला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. "नाही आई, कुणी नापास नाही केलं... मीच." पुढं बराच वेळ ती नुसतं हं, हं म्हणत होती. फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडली.

डिसेंबरात नागपूरला मी एकटीच गेले. सुलभानं आईसाठी दिलेला स्वेटर पोचवायला दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी गेले. मावशींनी, म्हणजे तिच्या आईनं, दार उघडलं, "ये गं," म्हणत मला आत घेतलं, आणि दार लावायच्या आधी एकदा माझ्यामागच्या रिकाम्या जिन्याकडे पाहून घेतलं.