बंबातलं शेवटचं पाणी

यंदा दिवाळीच्या पहाटे मुलगा नळ सोडून न्हात बसला होता. ओरडण्यासाठी मी दार वाजवणार, तेवढ्यात आतून तेलाचा वास आला आणि माझा हात तिथंच थांबला.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत माझा पहिला दिवाळसण सासरी, दुष्काळी वडूजला झाला. मी सांगलीचा, कृष्णेत डुंबून वाढलेला. पहिल्या आंघोळीचा मान जावयाचा, म्हणून सासूबाईंनी शेणी घालून बंब तापवला. मला वाटलं, अख्खा बंबच मानाचा. गाणी म्हणत मी तो तळापर्यंत रिकामा केला आणि वर ऐटीत विचारलं, "आणखी आहे का हो?"

बाहेर आलो, तर सासरे अंगभर तेल चोपडून, पंचा नेसून थंडीत कुडकुडत उभे.

"आवं, बंब मोकळा झाला," सासूबाई त्यांना हळूच म्हणाल्या. "समद्यांचं पाणी त्यातच व्हतं. हिरीवनं आणंस्तवर दिस उगवंल."

"गप. जावई किस्नाकाठचा हाय," म्हणत सासरे माझ्याकडं वळून हसले. "असू द्या, जावईबापू. अंगाला त्याल असलं की थंडी वाजत न्हाई."

त्या दिवशी सूर्योदयाआधी जो न्हात नाही तो नरकात जातो म्हणतात. सासऱ्यांना तिकडं धाडायची सोय मी पहिल्याच सणाला करून ठेवली होती.

मान खाली घालून मी त्यांच्या पाया पडलो. तळहातांना तेल लागलं. हात धुवायला पाणी मागायचा धीर झाला नाही.