त्र्यंबकरावांची अर्धवट बाटली

त्र्यंबकराव कारखानीस मुंबईला डॉक्टरी शिकायला गेले आणि नापास होऊन ठाण्याला परतले. घरची भातशेती होती, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. चिंता होती ती मोठेपणाची. १८९१ साली त्यांनी नवसागर आणि चुन्यातून निघणारा वायू, दारूपासून काढलेला एक उग्र अर्क आणि सोनार मुलाम्याला वापरतात ते विष, असं सगळं एका बाटलीत कालवलं. निर्जीव वस्तूंपासून आपण जीवाचं बीज केलं, असं ते गावभर सांगू लागले. कृती एका इंग्रजी पुस्तकातली होती. पुढचं पान वाचायचा त्यांना कंटाळा आला होता.

कळव्याच्या हौसाबाई कोळणीचं पोर तापाने झिजत चाललं होतं. ती होडीतून खाडी ओलांडून आली.

"राव, माजे पोराला त्यातला थोरा देशील का?"

बीज अजून पिकलं नाही, म्हणाले. नाही म्हटलं असतं तर मोठेपणा गेला असता. मग ती रोज ताजी बोय मासळी आणून द्यायची आणि हे मिटक्या मारत खायचे. बाटलीत विष आहे हे त्यांना ठाऊक होतं. तेवढं शिक्षण झालं होतं.

दिवाळीला त्यांचा मेहुणा विठ्ठल आला. तो रसायनशास्त्र शिकला होता. त्याने बाटली पाहिली, काय काय घातलं ते विचारलं.

"हे तीव्र आम्लात उकळा," तो म्हणाला. "रेशमाचा धागा फोडला की जो गोडसर पांढरा पदार्थ निघतो, तोच यातून मिळेल. एका जर्मनाने चाळीस वर्षांपूर्वी मिळवला. पण तो नुसता पदार्थ आहे, जीव नव्हे. आणि आत्ता जे आहे ते शुद्ध विष."

दुसऱ्याने आधीच केलेलं उकळत बसायला त्र्यंबकराव तयार नव्हते. त्यांनी बाटली पुन्हा दिवाणखान्यात मांडली.

दाराआडून बायकोने, सुमतीने, सगळं ऐकलं होतं. सकाळी तिने हौसाबाईला धक्क्यावरच गाठलं.

"त्या बाटलीत जीव नाही, बाई. विष आहे. पोराला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात ने."

हौसाबाईने मासळीची पाटी तिथेच ठेवली आणि होडी वळवली.

दवाखान्यातल्या कोयनेलच्या कडू पुड्यांनी पोर वाचलं, हडकुळं का होईना. त्र्यंबकराव मात्र मरेपर्यंत ठाण्यात सांगत राहिले, की माझ्या बाटलीचा नुसता वास त्या कोळणीच्या अंगाला लागला, म्हणून पोर जगलं.