नावावर अंगठा

"उद्या अर्धा तास आधी ये. तुझ्यासाठी सरप्राइज आहे. कुणाला सांगू नकोस."

हा मेसेज नाताळच्या नाटकातल्या नववीच्या मुलीला मी पाठवला होता. मी म्हणजे वय त्रेपन्न, गुडघ्याला पट्टा, चर्चच्या कमिटीचा सभासद. सरप्राइज होतं देवदूताचे थर्माकोलचे पंख. मीच कापलेले; उडण्यापेक्षा भाजी झाकायला बरे.

उपासना संपताच संडे स्कूलच्या बाईंनी मला गाठलं. मुलीने मेसेज त्यांना दाखवला होता. बाईंनी फोन माझ्यापुढे धरला, माझ्या नावावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "आता वाचा."

मी वाचलं. पंखांचं कौतुक ऐकायची हौस तिथेच फिटली.

ही त्यांची सवयच. मुलं त्यांना अंगठाबाई म्हणत. शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं कमी आणि ते पक्कं शनिवार पेठी. "अहो बाई, पाठवणारा चांगला माणूस आहे," असं कुणी म्हटलं की, "असेल. मग ग्रुपवर लिहिताना त्याचा हात दुखतो का?"

त्यांच्या वर्गाच्या दाराला कायम वीट लावलेली, दार मिटू नये म्हणून. फोनलाही अशीच वीट हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. मोठ्यांनी मुलांना एकेकट्याने लिहायचं नाही. ग्रुप करायचा आणि त्यात आईवडील हवेत.

कमिटीपुढे हे त्यांनी मांडलं. मी पाठिंबा दिला, तर सगळे पंख आठवून हसले. खजिनदार म्हणाले, "आपण काय परके आहोत? चर्चची मंडळी म्हणजे कुटुंब."

"म्हणूनच कुणी विचारत नाही," बाई म्हणाल्या.

मग पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "हा विषय आपण प्रार्थनेत ठेवू या."

आमच्याकडे छपराच्या गळतीचा खर्च एका बैठकीत मंजूर होतो. जे करायचंच नसतं, ते प्रार्थनेत ठेवतात. दर बैठकीत मी विषय काढायचो, दर बैठकीत नेमका तेव्हाच चहा यायचा. शेवटी "नियम झाला की बोलवा," म्हणून बाई मुलाकडे धायरीला राहायला गेल्या. निरोपाची शाल त्यांनी घेतली, वीट दारात ठेवली. पुढच्याच रविवारी ती कुणीतरी कुंडीखाली सरकवली.

परवा आमच्या दहावीतल्या लेकीने फोन आईला दाखवला, मग मला. चर्चमध्ये गाण्याचा सराव घेणाऱ्या सरांचा मेसेज होता. "तुझा आवाज वेगळाच आहे. उद्या एकटीच ये. घरी सांगू नकोस."

"अगं, सर आपल्याकडे जेवायला येतात..." मी म्हणालो.

लेकीने फोन माझ्यापुढे धरला. तिने नावावर अंगठा ठेवला.

मी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग गरजलो, "उद्याच्या उद्या कमिटी बोलावतो!"

बायको दारात चपला घालत होती.

"बोलवा की. प्रार्थना करतील. मी बाईंना फोन केलाय, त्या धायरीहून रिक्षात बसल्यासुद्धा. आम्ही दोघी पाळकसाहेबांच्या घरी जातोय. तुम्ही इथेच बसा, लेकीजवळ. आणि अहो, दार उघडं ठेवा."